नांतच्या उतारावरची मालगाडी : आग विझल्यानंतरचा एक तास

५ जुलै २०१३ च्या रात्री, बाराला वीस मिनिटे कमी असताना, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील नांत या लहानशा गावाजवळ उभ्या असलेल्या मालगाडीच्या इंजिनाला आग लागल्याची वर्दी आपत्कालीन दूरध्वनीवर आली. गावच्या अग्निशमन दलाचे जवान तातडीने पोहोचले. त्यांनी इंजिन बंद केले, आग विझवली, पुन्हा पेट घेऊ नये म्हणून इंजिनाच्या केबिनमधील विजेचे खटके खाली पाडले आणि रेल्वेशी बोलणे झाल्यावर ते माघारी गेले. कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. इंजिन बंद झाल्याला साधारण एक तास झाला असेल, तेव्हा ती चालकविरहित गाडी उतारावर आपोआप सुटली आणि ११ किलोमीटरहून अधिक अंतर धावत जाऊन लॅक-मेगँटिक या शहराच्या मध्यभागी घसरली. त्या दुर्घटनेत ४७ माणसे मृत्युमुखी पडली.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा रेल्वे कंपनीचा ढिसाळ कारभार, कच्च्या तेलाची वाहतूक आणि एकाच माणसाच्या भरवशावर सोडलेली गाडी या अंगांनी होते, आणि तशी ती व्हायलाच हवी. प्रस्तुत लेखात मात्र हेच प्रकरण अग्निशमन जवानाच्या बाजूने तपासायचे आहे. रुळांवर उतरणाऱ्या जवानाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की शेजारच्या रुळावरून भरधाव येणारी गाडी आणि डोक्यावरची विजेची तार हे दोन धोके आधी आठवतात. ते खरेच आहेत आणि त्यांनी जीवही घेतले आहेत. परंतु आपण जिची आग विझवत आहोत ती गाडीच हलू शकते, आणि ती हलण्याचे कारण आपल्याच हातून, शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे केलेल्या कृतीतून निर्माण होऊ शकते, ही गोष्ट प्रशिक्षणात क्वचितच सांगितली जाते. नांत येथे जवानांनी चूक केली असे मी म्हणत नाही. त्यांनी जे केले ते रेल्वेने अशा प्रसंगासाठी दिलेल्या सूचनांशी सुसंगत होते, असेच चौकशीत आढळले. नेमके म्हणूनच हे प्रकरण इतके महत्त्वाचे आहे.

गाडी कशी उभी होती

ही गाडी मॉन्ट्रियल, मेन अँड अटलांटिक या रेल्वे कंपनीची होती. पुढे पाच डिझेल इंजिने, त्यांच्यासोबत दूरनियंत्रणाची यंत्रणा बसवलेला एक डबा, त्यामागे इंजिने आणि टँकर यांच्यात अंतर राहावे म्हणून जोडलेली एक भरलेली वाघीण आणि शेवटी ७२ टँकर वाघिणी, अशी तिची रचना होती. टँकरमध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या बॅकन भागातले सुमारे ७७ लाख लिटर कच्चे तेल होते आणि ते न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट जॉन येथील शुद्धीकरण कारखान्याकडे चालले होते. गाडीची लांबी सुमारे १,४३० मीटर आणि वजन ९,००० मेट्रिक टनांहून अधिक होते. एवढी गाडी एकच चालक चालवत होता.

रात्री १० वाजून ५० मिनिटांच्या सुमारास चालकाने गाडी नांत येथे मुख्य मार्गावरच उभी केली. तेथून लॅक-मेगँटिकपर्यंत मार्ग शंभर मीटरमागे साधारण एक मीटर या प्रमाणात उतरत जातो. डोळ्यांना हा उतार फारसा जाणवत नाही, मात्र पोलादी रुळावर पोलादी चाक असताना घर्षण इतके कमी असते की एवढा उतार भरलेल्या गाडीला पुरून उरतो. शेजारच्या साइडिंगवर, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करण्याच्या जोडरुळावर, सुटलेली वाघीण मुद्दाम रुळावरून उतरवणारे उपकरण बसवलेले होते, परंतु मुख्य मार्गावर असा कोणताही अडथळा नव्हता.

चालकाने पाचही इंजिने, यंत्रणेचा डबा आणि ती एक वाघीण अशा सात ठिकाणी हँडब्रेक आवळले, मागची चार इंजिने बंद केली आणि सर्वांत पुढचे इंजिन चालू ठेवले. हँडब्रेक पुरेसे आहेत की नाहीत याची चाचणीही त्याने घेतली, मात्र ती घेताना इंजिनांचे हवेवर चालणारे ब्रेक सोडले नव्हते. गाडी हलली नाही, त्यामुळे हँडब्रेकने गाडी धरली असा समज झाला. वस्तुतः गाडीला धरून ठेवण्यात हवेच्या ब्रेकचा वाटा फार मोठा होता. त्या जागी ती गाडी केवळ हँडब्रेकवर धरायची तर १७ ते २६ हँडब्रेक लागले असते, असा निष्कर्ष कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात काढला.

पुढच्या इंजिनाची प्रकृती प्रवासभर बिघडलेलीच होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची दुरुस्ती करताना एक भाग टिकाऊ नसलेल्या, इपॉक्सीसारख्या पदार्थाने सांधला गेला होता. तो निकामी झाल्यावर तेल टर्बोचार्जरमध्ये, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागात, साचत गेले, आणि पुढे त्यानेच पेट घेतला. चालकाने काळा आणि पांढरा धूर येत असल्याचे रेल्वेच्या वाहतूक नियंत्रकाला कळवले होते, परंतु सकाळी पाहू असे ठरले. चालकाला न्यायला आलेल्या टॅक्सीच्या काचेवर त्या धुरातून तेलाचे थेंब पडत होते, आणि हे इंजिन असे चालू ठेवून जाणे ठीक आहे का, असे टॅक्सीवाल्याने विचारलेही होते. मला हा तपशील फार बोलका वाटतो. त्या रात्री योग्य प्रश्न सर्वांत आधी ज्याला पडला, त्याचा रेल्वेशी काडीचाही संबंध नव्हता.

हवेने धरलेली गाडी

पुढे काय घडले ते समजण्यासाठी ब्रेकची यंत्रणा थोडी खोलात जाऊन पाहावी लागेल, कारण अग्निशमन दलातल्या अनेकांच्या मनात तिच्याविषयी एक अर्धवट समज घर करून बसलेला असतो. हवा गेली की रेल्वेचे ब्रेक आपोआप लागतात, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी सुरक्षित बाजूलाच झुकते, असा तो समज आहे. तो एका प्रकारच्या ब्रेकविषयी आणि एका विशिष्ट परिस्थितीतच खरा आहे.

संपूर्ण गाडीच्या लांबीतून हवेची एक नळी जाते. प्रत्येक वाघिणीखाली हवेची स्वतंत्र टाकी असते. नळीतला दाब झपाट्याने कमी झाला, म्हणजे चालकाने ब्रेक लावला, नळी तुटली किंवा डबे अलग झाले, की वाघिणीतली झडप उघडते आणि त्या टाकीतली हवा ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबते. हा गाडीचा स्वयंचलित ब्रेक होय. नांत येथे तो लावलेला नव्हता. शिवाय नळीतली हवा तुटल्यासारखी भसकन न जाता सांध्यासांध्यांतून झिरपत गेली, तर झडपेला दाब घटल्याची चाहूलच लागत नाही आणि ब्रेक लागत नाही. त्या रात्री हवा अशीच हळूहळू झिरपली.

इंजिनांचा स्वतंत्र ब्रेक मात्र अगदी वेगळ्या रीतीने काम करतो. तो फक्त इंजिनांच्या चाकांवर लागतो आणि त्याच्या सिलिंडरला हवा इंजिनाच्या मुख्य टाकीतून मिळत राहावी लागते. ती टाकी कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन सुरू आहे तोवर झिरपून गेलेली हवा भरून निघते. इंजिन थांबले की टाकीत असेल तेवढीच शिल्लक, आणि त्या क्षणापासून ब्रेकची पकड मिनिटामिनिटाने सैल होऊ लागते. हा ब्रेक बिघाड झाल्यावर लागणारा नाही. बिघाड झाला की तो सुटतो.

ब्रेकचा तिसरा प्रकार म्हणजे हँडब्रेक. साखळी आणि चक्र यांच्या साहाय्याने हाताने आवळायचा, हवेशी संबंध नसलेला, आणि म्हणून माणूस निघून गेल्यावरही ज्याच्यावर विसंबता येईल असा एवढा एकच ब्रेक गाडीला असतो. रुळांवर वर्दीला जाणाऱ्या प्रत्येक जवानाला या तीन ब्रेकमधला फरक ठाऊक असायला हवा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्याला गाडी चालवता येण्याची गरज नाही. मात्र इंजिन बंद करताना आपण आगीच्या इंधनासोबत आणखी काय बंद करत आहोत, हे त्याला कळलेच पाहिजे.

इंजिन थांबले तर संपूर्ण गाडीचे ब्रेक लावू शकेल अशी एक सुरक्षा यंत्रणा त्या इंजिनावर होती. पण तिची जोडणी तशी केलेली नव्हती.

वर्दी आणि त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे

जवान पोहोचले तेव्हा एका पेटलेल्या इंजिनामागे जवळपास दीड किलोमीटर लांबीची तेलाने भरलेली गाडी अंधारात उभी होती. डिझेल इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीवर उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा ठिकाणी, इंधन तोडण्याची आपत्कालीन सोय असते. आगीजवळ न जाता इंजिन बंद करता यावे यासाठीच ती केलेली असते. जवानांनी ती वापरली आणि इंजिन थांबले. डिझेल-विद्युत इंजिनात इंधन तोडले तरी बॅटरीवरचे विद्युत मंडल जिवंत राहते आणि त्यातून पुन्हा ठिणगी पडू शकते. म्हणून केबिनमध्ये चढून खटके पाडणेही योग्यच होते. इंधन तोडा, वीज तोडा, मग आग विझवा, हा क्रम कोणत्याही यंत्राच्या आगीत शिकवला जातो आणि जवानांनी तो बिनचूक पाळला.

त्यांच्यासोबत आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने फार्नहॅम येथील वाहतूक नियंत्रकाला कळवले होते. कंपनीने आपला माणूस घटनास्थळी पाठवला, परंतु तो रूळमार्गाच्या देखभालीचा मुकादम होता. इंजिन चालवण्याची वा त्याच्या ब्रेकची पार्श्वभूमी त्याला नव्हती. गाडी उभी करून गेलेला चालक लॅक-मेगँटिकमधल्या हॉटेलात होता. आगीची गोष्ट त्याच्या कानावर घातली गेली, मात्र त्याला परत गाडीवर पाठवले गेले नाही. आग विझल्यावर जवान आणि मुकादम नियंत्रकाशी बोलले, परिस्थिती सांगितली आणि सगळे तेथून निघाले. मागच्या चार इंजिनांपैकी एकही सुरू केले गेले नाही. एखादे सुरू झाले असते तर कॉम्प्रेसर चालला असता आणि हवा भरत राहिली असती.

या टप्प्यावर थोडे थांबून प्रत्येकाच्या मनात काय असेल याचा विचार करणे गरजेचे आहे. रेल्वेचा माणूस समोर उभा आहे आणि रेल्वेचा नियंत्रक फोनवर आहे, तेव्हा गाडीची काळजी रेल्वे घेते आहे, असे जवानांना वाटणे साहजिक होते. अग्निशमन दलाने आग विझवली आहे आणि नियंत्रकाला सगळे ठाऊक आहे, म्हणजे आपले काम झाले, असे मुकादमाला वाटले असणार. आपला माणूस जागेवर आहे आणि त्याने धोका कळवलेला नाही, एवढे नियंत्रकाला पुरेसे वाटले असणार. प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा होता. इंजिन बंद झाले आहे हे जवानांना माहीत होते. चालकाने गाडी कशी उभी केली हे चालकालाच माहीत होते. हे दोन तुकडे ज्याच्या डोक्यात एकत्र येतील असा एकही माणूस त्या रात्री रुळांजवळ नव्हता.

जवान किती धोक्यात होते

चौकशी अहवालांचा भर स्वाभाविकपणे शहरावर कोसळलेल्या संकटावर राहिला, त्यामुळे या प्रश्नाची चर्चा कमी झाली आहे. टर्बोचार्जर आणि धुराच्या नळकांड्यातली तेलाची आग हट्टी असते. तापलेला धातू बराच वेळ उष्णता धरून राहतो आणि वरून विझलेली आग आतल्या तेलामुळे पुन्हा भडकू शकते. अशा ठिकाणी थंड करत राहणे, झडपा उघडून पाहणे आणि पहारा ठेवणे यात एक-दीड तास जाणे मुळीच विशेष नाही. नांत येथे आग लवकर आटोक्यात आली म्हणून जवान निघाले. ती थोडी चिवट असती, तर गाडी सुटली त्या क्षणी जवान इंजिनाच्या पायऱ्यांवर, बाजूच्या अरुंद फळीवर किंवा वाघिणींच्या मध्ये असते, आणि त्यांचे होजपाइप रुळांवर आडवे पसरलेले असते.

उतारावर सुटणारी मालगाडी गर्जना करत सुटत नाही. पहिले काही मीटर ती माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू सरकते, आणि बंबाचा पंप चालू असेल तर चाकांची करकर ऐकूही येत नाही. इंजिनाच्या पुढ्यात, उताराच्या बाजूला, पाठ करून उभ्या असलेल्या जवानाला कळायच्या आत ती अंगावर आलेली असते. नऊ हजार टनांना एकदा गती मिळाली की माणसाच्या हाती काही उरत नाही. नांतहून सुटलेल्या गाडीचा वेग पुढे ताशी सुमारे १०५ किलोमीटरपर्यंत गेला.

म्हणून उभ्या गाडीच्या आगीवर काम करताना पहिली चौकशी गाडीला काय धरून ठेवते आहे याची व्हायला हवी, आणि तीही इंजिन बंद करण्याआधी किंवा निदान बंद करताक्षणी. हँडब्रेक किती आणि कोणत्या वाघिणींवर आहेत, चाकांखाली पाचरी आहेत का, हवेचा ब्रेक कोणत्या इंजिनावर अवलंबून आहे, या गोष्टींची उत्तरे रेल्वेकडून मिळेपर्यंत गाडी हलू शकते असे धरूनच चालावे. बंब उताराच्या बाजूला, गाडीच्या समोर लावू नये. होजपाइप शक्यतो रुळांवरून आडवे नेऊ नयेत. नेणे अटळच असेल तर खडीतून, रुळाखालच्या पोकळीतून न्यावेत. डब्यांच्या जोडणीमधून आरपार जाणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. एका जवानाने आगीकडे न पाहता फक्त चाकांकडे पाहत उभे राहावे, असेही मी सुचवीन. चाकाच्या कडेवर आणि त्याखालच्या रुळावर मिळून खडूने एक सरळ रेघ ओढली, तर गाडी बोटभर सरकली तरी रेघ तुटलेली दिसते. याला पैसा लागत नाही आणि विशेष प्रशिक्षणही लागत नाही.

नेहमीचे धोके यात गौण ठरतात असे नव्हे. मुख्य मार्गाला लागून दुसरा मार्ग असेल तर आपण रेल्वेला कळवले एवढ्यावर रुळांत पाऊल टाकता येत नाही. दोन्ही मार्गांवरची वाहतूक थांबली आहे, असा उलट निरोप नियंत्रकाकडून, त्याच्या नावानिशी आणि वेळेनिशी, मिळावा लागतो. वेगातली भरलेली मालगाडी आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही थांबायला एक किलोमीटरहून अधिक अंतर घेऊ शकते, त्यामुळे चालकाला कंदील दाखवून थांबवू ही कल्पना फोल आहे. नांतचा मार्ग विद्युतीकरण झालेला नव्हता. तोच प्रसंग २५,००० व्होल्टच्या तारेखाली घडला असता तर वीज बंद झाल्याची आणि तार जमिनीला जोडल्याची खात्री होईपर्यंत पाण्याची धार वर जाऊ देणे किंवा इंजिनाच्या टपावर चढणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण ठरले असते. तार तुटून पडली नसली आणि गाडी निश्चल उभी असली तरीही हे लागू आहे.

शहरातली आग

रात्री सव्वाच्या सुमारास लॅक-मेगँटिकमध्ये ६३ टँकर घसरले आणि सुमारे ६० लाख लिटर तेल सांडून जवळजवळ तत्काळ पेटले. शहराच्या मध्यभागातल्या अनेक इमारती बेचिराख झाल्या आणि सुमारे २,००० नागरिकांना घरे सोडावी लागली. क्यूबेकमधील जवळपास ८० नगरपालिकांचे आणि सीमेपलीकडच्या मेन राज्यातल्या सहा काउंटींचे मिळून सुमारे १,००० जवान या आगीशी झुंजले. आग पूर्ण आटोक्यात यायला दोन दिवसांच्या आसपास लागले.

येथे जवानांच्या सुरक्षिततेचा दुसराच पैलू पुढे आला. टँकरमधले तेल कागदोपत्री जितके ज्वालाग्राही दाखवले होते, त्याहून ते अधिक ज्वालाग्राही होते. त्याचे वर्गीकरण कमी धोक्याच्या गटात केले गेले होते आणि प्रत्यक्षात ते कमी तापमानालाच पेट घेणारे होते. किती अंतरावर थांबायचे, फेसाचा मारा करायचा की जळू द्यायचे, टँकर थंड करत राहायचे की मागे सरायचे, हे सगळे निर्णय घटनाप्रमुख वाघिणीवरचा फलक आणि कागद वाचून घेत असतो. कागदच चुकीचा असेल तर त्याच्या हाताखालचा प्रत्येक जवान चुकीच्या अंतरावर उभा राहतो.

घसरलेल्या टँकरजवळचा धोका आग दिसेनाशी झाल्यावरही टिकून असतो, हे जगाने याआधीही पाहिले होते. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील वेव्हर्ली येथे २२ फेब्रुवारी १९७८ रोजी घसरलेल्या गाडीतला द्रवरूप प्रोपेनचा टँकर दोन दिवसांनी, त्यातला प्रोपेन काढून घेण्याची तयारी चालू असताना फुटला आणि मृत्यू झालेल्या १६ जणांत तेथील अग्निशमन प्रमुख आणि पोलीस प्रमुखही होते. इराणमध्ये निशापूरजवळ १८ फेब्रुवारी २००४ रोजी सुटलेल्या वाघिणी घसरून पेटल्या. त्यांत गंधक, पेट्रोल, खत आणि कापूस असा माल होता. काही तासांनी, आग बरीचशी विझत आली असताना महास्फोट झाला आणि सुमारे ३०० माणसे दगावली, त्यांत आग विझवणाऱ्यांची संख्या मोठी होती. या दोन्ही ठिकाणी जीव गेले ते आता संपले असे वाटू लागल्यानंतर. नांतचा तो एक तास याच जातीचा आहे.

काय बदलले, काय बदलायचे राहिले

दुर्घटनेनंतर अवघ्या अडीच आठवड्यांत, २३ जुलै २०१३ रोजी, कॅनडाच्या परिवहन खात्याने तातडीचे आदेश काढले. घातक माल भरलेल्या टँकरची गाडी मुख्य मार्गावर बेवारस सोडायची नाही, अशा गाडीवर किमान दोन माणसे हवीत, बेवारस इंजिनाच्या केबिनला कुलूप हवे, हे त्यांत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपल्या हद्दीतून कोणता घातक माल किती प्रमाणात जातो याची माहिती रेल्वेने नगरपालिकांना द्यावी, असाही आदेश निघाला. परिवहन सुरक्षा मंडळाने दुर्घटनेची १८ कारणे व कारणीभूत घटक नोंदवले. कंपनीच्या तीन कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही निर्दोष ठरवले. अठरा कारणांच्या साखळीत एका माणसाकडे बोट दाखवून समाधान मिळत नाही, याची त्या निकालात जणू नोंदच आहे असे मला वाटते.

हे सर्व बदल रेल्वेच्या बाजूचे आहेत. अग्निशमन दलाच्या बाजूने जे बदलायला हवे ते एका जागी येऊन थांबते, आणि ती जागा म्हणजे घटनास्थळाचा ताबा परत देण्याची वेळ. इमारतीच्या आगीनंतर दल निघते तेव्हा गॅस बंद केला, वीज तोडली, आत जाऊ नका, हे मालकाला सांगून निघते, कारण आपल्या कामामुळे इमारतीची स्थिती बदलली आहे याची दलाला जाणीव असते. गाडीच्या बाबतीत ही जाणीव असत नाही. आपल्या दृष्टीने गाडी उभीच होती आणि उभीच आहे. तिच्या आत काय बदलले ते बाहेरून दिसत नाही. आग विझलेले, थंड पडलेले, शांत इंजिन सुरक्षित इंजिनासारखेच दिसते.

नांत येथे मुकादमाच्या जागी इंजिनाची माहिती असलेला माणूस असता तर त्याला हे कदाचित सुचले असते, परंतु पुढच्या वर्दीला कोण येईल ते दलाच्या हातात नाही. आलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला त्याचे काम विचारणे मात्र हातात आहे. तुम्ही रुळांचे की इंजिनाचे, हा प्रश्न उद्धट नाही. तो रुळांचा निघाला तर वाहतूक कोणत्या मार्गावर बंद आहे एवढ्यासाठीच त्याच्यावर विसंबावे आणि ब्रेकविषयी बोलायला चालक किंवा इंजिनाचा तंत्रज्ञ, निदान फोनवर तरी, मिळाल्याशिवाय जागा सोडू नये. नियंत्रकाशी बोलताना आग विझली एवढेच न सांगता आपण काय काय केले ते क्रमाने सांगावे: अमुक क्रमांकाचे इंजिन अमुक वाजता इंधन तोडून बंद केले, केबिनमधले खटके पाडले, ते पुन्हा वर केलेले नाहीत, आता गाडीतले एकही इंजिन चालू नाही. ही चार वाक्ये ऐकल्यावर ब्रेकची माहिती असलेल्या कोणत्याही माणसाच्या मनात हवेचा प्रश्न उभा राहतो, आणि मग गाडीला कोण धरणार याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते.

ते उत्तर घेऊनच निघावे. किती हँडब्रेक आवळले, कोणी आवळले, हवेचे ब्रेक सोडून गाडी हलत नाही ना हे कोणी तपासले, ही माहिती सांगणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह वर्दीच्या नोंदवहीत उतरवावी. उत्तर मिळत नसेल तर उताराच्या बाजूची माणसे हलवावीत, एक बंब आणि दोन जवान चाकांवर नजर ठेवायला मागे ठेवावेत आणि खालच्या वस्तीच्या दलाला, गाडी अजून बांधलेली नाही, हा निरोप द्यावा. त्या रात्री नांतहून लॅक-मेगँटिककडे असा निरोप गेला असता, तर गाडी सुटायच्या आधी त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ हाताशी होता.